हॉर्ड ऑफ लेडीज

टेलरबाईंच्या नवऱ्याला साधा शब्द कधी पुरलाच नाही. सगळी हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेल्यामुळे गल्ली त्यांना सर म्हणायची, आणि निवृत्त झाल्यावरही ते घरात वर्गातल्याच आवाजात बोलायचे. भाजीत मीठ कमी पडलं तर ते 'मीठ कमी आहे' असं म्हणत नसत. 'इनसफिशियंट' म्हणत. मग टेलरबाई मिठाची बरणी त्यांच्यापुढे आदळून म्हणत, "घ्या, फिशियंट करा."

गल्लीत कुणाला इंग्रजीत अर्ज हवा असला की तो सरांकडेच यायचा. सर फुकट लिहून द्यायचे. अट एकच, ते अर्ज मोठ्याने वाचून दाखवत असताना मधे कुणी बोलायचं नाही. त्यामुळे गल्लीच्या दिव्याबद्दलचा, गटाराबद्दलचा, मोकाट कुत्र्यांबद्दलचा अर्ज लोकांनी माना डोलावत ऐकला होता. कुणाला काही कळलं नव्हतं, पण ऐकताना भारी वाटलं होतं.

गल्लीच्या टोकाला एका बैठ्या सरकारी इमारतीत पाळणाघर होतं. एक काकू ते चालवायच्या. कामावर जाणाऱ्या बायका सकाळी पोरं तिथं सोडायच्या आणि संध्याकाळी धापा टाकत घेऊन जायच्या. टेलरबाईंचा नातूही त्यातलाच. एका सकाळी दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप आणि त्याखाली कागद, 'दुरुस्तीसाठी बंद'. दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही. आल्या त्या मोडक्या खुर्च्या, टेम्पो भरभरून. ज्या खात्याची ती इमारत, त्या खात्याला आपली अडगळ ठेवायला जागा हवी होती, एवढीच काय ती दुरुस्ती.

मग नातू दिवसभर टेलरबाईंच्या दुकानात, मशीनपाशी. पहिल्याच दिवशी त्यानं गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण नाकात घातलं. ते काढेपर्यंत बाईंच्या नाकी नऊ आले, आणि ते काढलं तेव्हा पठ्ठ्या दुसरं बटण हातात घेऊन तयार. कातरी वर ठेवा, टाचण्या वर ठेवा, इस्त्री तर आढ्यालाच टांगा. सून औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिनं चार दिवस रजा काढली, मग आणखी दोन दिवस काढली, तेव्हा तिचा सुपरवायझर म्हणाला, सोमवारी आलीस तर आलीस, नाहीतर मी दुसरी बघतो. टेलरबाईंचं दुकान तरी बंद पडणार होतं, नाहीतर सुनेची नोकरी तरी जाणार होती. घर दोघींच्या कमाईवर चालत होतं. सरांच्या पेन्शनीत सरांची वर्तमानपत्रं यायची.

"सगळ्या मिळून त्या खात्याच्या ऑफिसात जाऊ," टेलरबाईंनी बायकांना सांगितलं. "एकेकटीला शिपाईच परत पाठवतो."

सगळ्या तयार झाल्या. सर म्हणाले, न सांगता जाणं हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण नव्हे, आधी पत्र द्यायला हवं. रात्रभर त्यांना शब्द सुचत होते. सकाळी त्यांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रात एक वाक्य होतं ते वाचताना सरांनी चष्मा सारखा केला आणि आवाज चढवला, "अ हॉर्ड ऑफ लेडीज शॅल डिसेंड अपॉन युवर ऑफिस."

"हॉर्ड म्हणजे?" सुनेनं अट मोडून विचारलं.

"फार मोठा समूह. क्राउडचा बाप."

बायका खूश झाल्या. आपण क्राउडचा बाप आहोत म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

ठरल्या दिवशी त्या गेल्या. पोरं कडेवर, डबे पिशवीत, कारण तिथूनच कित्येकींना कामावर पळायचं होतं. ऑफिसच्या अंगणात त्या तास-दीड तास उभ्या राहिल्या. साहेब खाली आलेच नाहीत. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत पडदा जरा हलला, इतकंच. वरून त्यांना काय दिसलं असेल? डोकीच दिसली असतील. शिपायानं दारातला बाक ओढून आडवा लावला, त्या धक्क्यानं जिन्यापाशी ठेवलेली कुंडी फुटली. पोरं भुकेनं रडायला लागली तशा बायका आल्या वाटेनं परत गेल्या.

दोन दिवसांनी ऑफिसातून बोलावणं आलं, सर आणि टेलरबाईंच्या नावानं. सरांनी ते नेहमीच्या ऐटीत वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीत त्यांचा आवाज बसला.

"काय लिहिलंय?"

"मॉब," सर म्हणाले. "आपण मॉब घेऊन आलो. कुंडी फोडली. दहशत बसवली. आणि आपण येणार हे आधीच लेखी धमकीनं कळवलं होतं. येऊन खुलासा केला नाही तर पोलिसांत देणार."

"धमकी कोणी दिली?"

सर उठले, कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला, पान उघडलं आणि वाचत उभे राहिले. किती वेळ झाला तरी पान उलटेना. शेवटी टेलरबाईंनी मशीन थांबवलं.

"अहो, बोला की!"

"हॉर्ड म्हणजे लुटायला येते ती टोळी. जिथं जाईल तिथं काही शिल्लक ठेवत नाही ती."

"आणि तुम्ही आम्हाला ते म्हणालात?"

"'जोड्या लावा'मध्ये असायचा तो शब्द," सर शब्दकोशाकडेच बघत म्हणाले. "मधमाश्यांचा स्वॉर्म, मेंढ्यांचा फ्लॉक. मुलं पटापट जोड्या लावायची, मी मार्क द्यायचो. जिवंत माणसाला कधी लावून बघितला नव्हता."

टेलरबाईंच्या जिभेवर एक फर्मास शब्द आला होता. पण सरांचा चेहरा इतका उतरला होता, की त्यांनी तो गिळला. तो त्यांच्यासाठी फार मोठा त्याग होता. आयुष्यभर ज्या माणसानं दुकानांच्या पाट्यांतल्या चुका काढल्या, त्याला स्वतःच्या पत्रातली चूक पोलिसांच्या दारापर्यंत घेऊन आली होती.

ऑफिसला चालत जाताना त्यांनी सरांना विचारलं, "मग माणसांना काय काय म्हणतात, ते तरी नीट सांगा. आत जाऊन मी काय बोलू?"

सरांना हा विषय मिळाल्यावर जरा तरतरी आली. "तसं बघितलं तर पुष्कळ आहेत. तिकीट काढून बसले तर ऑडियन्स. आमंत्रण असलं तर गॅदरिंग. साहेबानं आत बोलावून चहा दिला तर डेलिगेशन. नुसतेच उभे असले तर क्राउड. आणि मॉब म्हणजे डोकं फिरलेला जमाव, ज्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो असा."

"म्हणजे बाया आम्ही त्याच," टेलरबाई म्हणाल्या. "चहा दिला असता तर डेलिगेशन झालो असतो."

"तांत्रिकदृष्ट्या हो."

"तुमचं तांत्रिक घाला चुलीत. चला लवकर."

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर होती. मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली कुठल्यातरी समारंभातले साहेबांचे फोटो. एका बाजूला कॉम्प्युटरसमोर टायपिस्ट बसलेली, तिच्या पाठीमागे जुन्या फायलींच्या खोलीचं दार. टेलरबाईंनी टायपिस्टकडे बघितलं आणि त्या चरकल्या. ही तर ती! पाळणाघरातून रोज सगळ्यात शेवटी पोर नेणारी, काकूंची रोज माफी मागणारी. आणि त्या दिवशी अंगणात, अगदी कडेला, कडेवर लेक घेऊन उभी होती तीच ही. टायपिस्टनं मान वर केली, ओळखलं, आणि घाईनं पुन्हा खाली घातली.

सरांनीही तिला ओळखलं. "अरे, ही तर आपल्या–" एवढं त्यांच्या तोंडून बाहेर पडतंय तोच टेलरबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. मशीन चालवून चालवून बाईंचा पाय चांगला वजनदार झालेला होता. सर गप्प झाले.

साहेबांनी बसा म्हटलं नाही. टेलरबाई बसल्या. सर उभेच होते, बाईंनी शर्ट ओढला तसे तेही बसले.

"हे पत्र तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

"हॉर्ड. डिसेंड अपॉन. म्हणजे टोळी तुटून पडणार. सर, तुम्ही इंग्रजीचे शिक्षक. मी काय समजायचं?"

"शब्द चुकला माझा," सर म्हणाले. टेलरबाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही परक्या माणसासमोर.

"मग काम सोपं झालं." साहेब खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी टायपिस्टला इंग्रजीत दोन-तीन वाक्यं सांगितली. प्रिंटरमधून कागद आला. साहेबांनी तो टेबलावरून पुढे सरकवला. "सही करा. आम्ही मॉब म्हणून आलो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा येणार नाही. बस. उद्या पाळणाघर उघडतो. खुर्च्या दुसरीकडे हलवतो."

उद्या. उद्या उघडलं तर सोमवारी सून कामावर. इस्त्री पुन्हा टेबलावर, टाचण्या पुन्हा हाताशी. सरांनी खिशातून पेन काढलंसुद्धा.

"साहेब, एक विचारू?" टेलरबाई म्हणाल्या. "मॉबच का? ह्यांच्याकडे शब्दांची काही वाण नाही. क्राउड आहे, गॅदरिंग आहे. त्यातला एखादा चालवून घ्या. आम्ही सही करतो, भांडण मिटलं."

साहेब हसले. सही होणारच ह्या खात्रीनं माणूस जरा मोकळा होतो, तसे ते मोकळे झाले. "बाई, क्राउड लिहिलं की वरचे विचारतात, मग तुम्ही खाली जाऊन बोलला का नाहीत? मॉब लिहिलं की कोणी काही विचारत नाही."

"म्हणजे तुम्ही जिना उतरला नाहीत, म्हणून आम्ही मॉब."

"तुम्ही शब्दात अडकू नका. कागदावर असतं ते. कोण वाचतंय?"

"तुम्हीच म्हणालात, वरचे विचारतात."

साहेबांचं हसू आटलं. "कुंडी फुटली आहे. ती मॉबनंच फोडली."

"कुंडी तुमच्या शिपायाच्या बाकानं फोडली. विचारा त्याला, खाली बसलाय. त्याच बाकावर."

"अहो," सर हळूच म्हणाले, "जाऊ दे. शब्दच आहे. मूळ चूक माझी. सोमवार..."

टेलरबाईंनी पेन हातात घेतलं. त्यांना सही करायची होती, हे खोटं कशाला सांगा? त्या थकल्या होत्या. पोर सांभाळून, शिवून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन त्यांची पाठ मोडली होती, आणि सुनेचा काळजीनं ओढलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता. त्यांनी कागदाकडे बघितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो शब्द कोणता ते त्यांनी सरांना बोट ठेवून दाखवायला लावलं. तीनच अक्षरं. ह्या एवढ्याशा शब्दात काकू बसवल्या होत्या, ज्यांनी अंगणात उभ्या उभ्या भुकेल्या पोरांना बिस्किटं वाटली. सून बसवली होती, जी साहेब आले तर काय बोलायचं ते वाटभर पाठ करत आली होती. पुढच्या वेळी ह्याच बायका पाण्यासाठी येतील, दिव्यासाठी येतील, आणि कोणीतरी फाइल उघडून म्हणेल, ह्या मॉब आहेत, ह्यांनी स्वतःच लिहून दिलंय. मग जिना उतरायची कोणालाच गरज पडणार नाही. काठ्या घेऊन दुसरेच कोणी उतरतील.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते सरांच्या खिशात परत खोचलं.

"नाही करत सही."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग त्यांच्यातला मास्तर ताठ झाला. "साहेब, हॉर्ड माझा होता. तो मी परत घेतो, लेखी घेतो, तुम्ही सांगाल तितक्या प्रतींत घेतो. पण मॉब तुमचा आहे. तो तुम्हीच ठेवा."

टेलरबाईंना त्या क्षणी नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की घरी गेल्यावर इनसफिशियंट शब्द निदान आठवडाभर चालवून घ्यायचा असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. काचेखालचे फोटो थरथरले. "ठीक आहे! मग कुलूप राहू दे तसंच. आणि हे आता पोलिसांकडेच जाईल." ते टायपिस्टकडे वळले. "घे लिहून. मॉबनं माफी मागायला नकार दिला. त्या दिवशी कोण कोण होतं त्यांची नावं घालायची. ह्या दोघांची पहिली घाल."

टायपिस्टचे हात कीबोर्डवर होते, पण आवाज येईना.

"ऐकू आलं का?"

"आलं, साहेब," ती म्हणाली. "फक्त ह्यांचं पहिलं नाही घालता येणार. पहिलं माझं घालावं लागेल. मी ह्यांच्या आधीपासून अंगणात उभी होते."

टेलरबाई जवळजवळ ओरडल्याच, "अगं, गप बस! नोकरी जाईल तुझी!"

"मावशी, तुम्ही ओळखूनसुद्धा बोलला नाहीत. मला दिसलं ते." ती उठली. "मी मघाशी तो शब्द टाइप केला. रोज टाइप करते. त्या दिवशीचा रिपोर्टही मीच केला, साहेबांनी सांगितला तसा. दहशत बसवणारा मॉब. आणि मी स्वतः त्यात उभी होते, पण मी कोणाला दहशत बसवली ते मला आठवेना."

"तू तिथं काय करत होतीस?" साहेबांनी विचारलं. ह्या वेळी त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

टायपिस्टनं मागचं, फायलींच्या खोलीचं दार उघडलं, आत गेली आणि दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. मुलगी झोपेतून उठवल्यामुळे वैतागली होती. तिच्या गालावर फायलीच्या नाडीचा लाल ठसा उमटला होता.

"ही इथं? किती दिवस?"

"कुलूप लागलं तेव्हापासून. गठ्ठ्यांवर चादर टाकते आणि निजवते. रडली तर प्रिंटर चालू करते, म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही."

मुलीनं साहेबांच्या टेबलाकडे, टेबलावरच्या फोनकडे, फोनच्या वळणावळणाच्या वायरीकडे बघितलं, आणि तिचा वैताग गेला. टायपिस्टनं तिला टेबलावर, त्या चकचकीत काचेवर बसवलं. मुलीनं वायर ओढली. रिसीव्हर खाली लोंबकळायला लागला.

"आता पाठवा वर," टेलरबाई म्हणाल्या. "तुमच्याच ऑफिसातला मॉब. तुमच्याच मजल्यावर. आता वरचे काय विचारतील ते बघा. ही इथं आठ-आठ तास होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता, हेसुद्धा विचारतील."

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला, मुलीनं तो पुन्हा ओढला. त्यांनी खण उघडला, पाळणाघराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही.

"निदान एवढं तरी लिहून द्या," ते म्हणाले, आणि ते आता मागत होते, सांगत नव्हते. "फार जणी आल्या होत्या, आणि पुन्हा येणार नाही. कोणताही शब्द घाला. सर, तुम्हीच निवडा."

सरांनी तोंड उघडलं. बायकोकडे बघितलं. मिटलं.

टेलरबाई उठल्या. "आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "फार जणी होत्या. पुन्हा येतील. हे हवं तर इंग्रजीत लिहा." आणि त्यांनी साहेबांच्या हाताखालून किल्ली ओढून घेतली.